अडकलेलं काडतूस आणि मासळीचा ताणकाटा

आपल्या मेसमध्ये स्टीलचे ग्लास धुऊन गरम असतानाच एकात एक घालून ठेवतात. सकाळी नाश्त्याला जावं तर त्यातले दोन असे काही चिकटलेले असतात की दोघांनी दोन बाजूंनी ओढलं तरी सुटत नाहीत. मग कोणी टेबलावर आपटतं, कोणी गरम पाणी आणतं, आणि शेवटी एका ग्लासाला पोचा पडतो. माझ्या लेखाचा विषय बंदूक आहे. पण ज्याने हे ग्लास ओढून पाहिले आहेत त्याला अर्धा विषय आधीच कळलेला आहे.

आमचं घर मालवण तालुक्यात, गड नदीच्या काठच्या एका वाडीत. ऑक्टोबरमध्ये भात पिकायला लागलं की रात्री रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत अख्खा कुणगा लोळवून टाकतात. त्यामुळे आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका पुष्कळ घरांत आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतीसंरक्षणासाठी पहिलं नाव ठासणीच्या बंदुकीचंच आहे. तिने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. माझ्या आजोबांकडे ठासणीचीच होती. तिच्यात दारू आणि छर्रे पुढून भरायचे, बार झाला की सगळं पुढूनच निघून जायचं. म्हणजे मागे काढायला काही उरतच नाही! काडतूस आलं आणि त्याच्याबरोबर रिकामं काडतूस बाहेर काढायचा प्रश्न आला.

माझे काका सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे परवान्याची १२ बोअरची पंप-ॲक्शन बंदूक आहे. रानडुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. काका बहुतेक वेळा नुसता बार काढून त्यांना पळवतात. गेल्या ऑक्टोबरच्या सुट्टीत मी घरी असताना एका रात्री त्यांनी असाच एक बार काढला. दुसऱ्यासाठी पुढची मूठ मागे ओढली तर ती हलेना. त्यांनी जोर लावला. 'कट्' असा आवाज होऊन मूठ मागे आली, पण रिकामं काडतूस आतच राहिलं, आणि मॅगझिनमधलं पुढचं जिवंत काडतूस त्याच्या मागे येऊन उभं राहिलं.

काका बंदूक घेऊन खळ्यात आले. आवाज ऐकून शेजारचे दोघं-तिघं आले होते. एकाने स्क्रू-ड्रायव्हर आणला. दुसरा म्हणाला, दस्ता जमिनीवर आपटा, आपोआप सुटेल. सगळे विजेरीच्या उजेडात त्या खिडकीत डोकं घालून बघत होते, मीसुद्धा. नळीचं तोंड कुठे आहे ते कोणाच्या लक्षात नव्हतं. ते ओटीकडे होतं, आणि ओटीवर आजी बसली होती.

आजीच म्हणाली, "आधी तेचा तोंड माडाकडे करा, मगे काय ता बघा."

काकांचा चेहरा मला अजून आठवतो. सैन्यात इतकी वर्षं काढलेला माणूस, पण अडकलेल्या वस्तूने त्यांचंही लक्ष ओढून घेतलं होतं. त्यांनी लगेच नळी मोकळ्या बाजूला वळवली, सगळ्यांना मागे हटवलं, जिवंत काडतूस काढलं, मॅगझिनमधली बाकीची काढली आणि बंदूक तशीच उघडी ठेवून कुलपात ठेवली. बाकी काम सकाळी उजेडात करायचं ठरलं. स्क्रू-ड्रायव्हर परत गेला.

काडतूस बाहेर येतं कसं?

सकाळी काकांनी निदान सांगून टाकलं, "आकडो बाद झालो. नवीन घालूक होयो."

आकडा म्हणजे एक्स्ट्रॅक्टर. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे मला सगळे भाग इंग्रजीत आठवतात, काकांना सैन्यातल्या हिंदीत आणि मालवणीत. आमचा पहिला अर्धा तास नावं जुळवण्यातच गेला. पण त्याचा फायदा झाला, कारण प्रत्येक भाग काय करतो ते एकमेकांना सांगावं लागलं.

काडतुसाच्या बुडाला एक बाहेर आलेली कडा असते. १२ बोअरच्या काडतुसात तिचा व्यास साधारण साडेबावीस मिलिमीटर. बोल्टच्या तोंडाशी असलेला आकडा या कडेत अडकतो. पुढची मूठ मागे ओढली की बोल्ट मागे येतो आणि आकडा काडतुसाला धरून चेंबरमधून ओढून काढतो. मग काडतुसाची दुसरी बाजू इजेक्टरवर आपटते आणि ते खिडकीतून बाहेर उडतं. काही बंदुकांत आकडा एकच असतो, काहींत दोन बाजूंना दोन.

इथे पहिला धडा. आपण सगळ्यालाच 'काडतूस अडकलं' म्हणतो, पण बिघाड दोन वेगळे असतात. काडतूस चेंबरमध्येच राहिलं तर तो ओढण्यातला बिघाड. चेंबरमधून सुटून खिडकीत आडवं पडलं तर तो फेकण्यातला बिघाड, म्हणजे इजेक्टरचा, किंवा मूठ पूर्ण मागे न ओढण्याचा. घाबरलेला किंवा घाईतला माणूस मूठ अर्धीच ओढतो, हे पंप-ॲक्शनमध्ये नेहमी होतं. पंप-ॲक्शन ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत जॉन ब्राउनिंग यांची रचना असलेली विंचेस्टरची बंदूक १८९७ ची आहे, रेमिंग्टनची ८७० ही १९५० ची. सगळ्यांत हाताचा जोरच काम करतो, आणि म्हणूनच चूक हाताची आहे की यंत्राची हे आधी ठरवावं लागतं. आमच्या बाबतीत मूठ पूर्ण मागे आली होती आणि काडतूस चेंबरमध्ये होतं. म्हणजे ओढण्यातला बिघाड, यात शंका नव्हती.

ग्लासात ग्लास

आता चेंबरकडे बघू. वरून सरळ नळी वाटते, पण ती किंचित निमुळती असते. १२ बोअरच्या चेंबरचा व्यास मागे साधारण २०.६ मिमी आणि पुढे साधारण २०.३ मिमी. चेंबरची लांबी ७० मिमी, म्हणजे उतार साधारण २०० ला १. वर्कशॉपमध्ये आपण ड्रिलचा टेपर शँक मशीनमध्ये बसवतो, त्याचा उतार साधारण २० ला १ असतो आणि तरी तो नुसत्या घर्षणाने धरून राहतो, काढायला ड्रिफ्ट ठोकावा लागतो. चेंबरचा उतार त्याच्या दहावा हिस्सा आहे. घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला तर या उताराने काडतूस आपणहून सुटायचा प्रश्नच नाही. दाबून बसलं तर ते बसलंच.

बार होताना दाबून बसवायचं काम जोरात होतं. १२ बोअरमध्ये कमाल दाब साधारण ७५ मेगापास्कलपर्यंत जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या काही शेकडो पट. काडतूस फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं. हे चांगलंच आहे, त्यामुळे वायू मागे येत नाही. पण मग दर वेळी ते अडकत का नाही?

याचं उत्तर आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पहिल्याच प्रकरणात आहे, आणि मला ते परीक्षेत पाठ होतं पण समजलं नव्हतं. दाब गेला की काडतुसाचं बूड लवचिकतेमुळे थोडं आकसतं. किती? यील्ड स्ट्रेसला यंग्ज मोड्युलसने भागा. पितळेसाठी ढोबळ आकडे घेऊ, ३०० मेगापास्कल आणि १०० गिगापास्कल. उत्तर ०.३ टक्के. २०.६ मिमी व्यासावर ते साधारण ०.०६ मिमी होतं. एवढी फट पुरते. एकदा काडतूस ५ मिमी मागे सरकलं की निमुळतेपणामुळे आणखी ०.०२ मिमीची भर पडते आणि मग ते हलकं होऊन येतं. थोडक्यात, सगळी लढाई पहिल्या एक-दोन मिलिमीटरमध्ये असते.

आता बूड पितळेचं नसून पातळ पोलादाचं असेल आणि वर नुसता पितळी मुलामा असेल तर? साधं पोलाद धरू, २५० मेगापास्कल आणि २०० गिगापास्कल. उत्तर ०.१२५ टक्के, म्हणजे ०.०२५ मिमी. निम्म्याहूनही कमी. गुळगुळीत चेंबरमध्ये एवढंही चालून जातं, आणि अशी लाखो काडतुसं रोज नीट बाहेर पडतात. पण चेंबर खडबडीत असेल तर हा फरक महागात पडतो. हे गणित मी पेन्सिलने मागच्या पानावर केलं आणि काकांना दाखवलं. काका म्हणाले, "कागदावर ठीक आसा. बंदुकीत दाखव."

बिस्किटाचा डबा आणि लोहचुंबक

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी २० वर्षांची आहे. शस्त्र परवान्यासाठी २१ पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे या सगळ्या कामात बंदूक काकांच्या हातात होती आणि माझ्या हातात वही, विजेरी आणि ताणकाटा.

पहिल्यांदा अडकलेलं काडतूस काढलं. बार झाल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला होता, म्हणजे ते झडलेलंच होतं. काकांनी बोल्ट मागे ठेवून पुढून लाकडी दांडी घातली आणि हलके ठोकून ते बाहेर काढलं. काडतूस जिवंत असेल, किंवा नुसती तशी शंका असेल, तरी पुढून दांडी घालायची नाही. तिथे थांबायचं आणि परवानाधारक दुरुस्तीवाल्याला फोन करायचा. काडतूस निघाल्यावर काकांनी नळीतून आरपार उजेड बघितला. कधी कधी बूड निघून येतं आणि प्लास्टिकची नळी फाटून आतच राहते. पुढच्या बाराला तो तुकडा वाटेत आला तर नळी फुटू शकते. आमच्या काडतुसाच्या कडेचा एक भाग मात्र सोलल्यासारखा वाकला होता. आकडा तिथून घसरला होता.

काकांचं म्हणणं यावरूनच होतं, की आकडा घसरला म्हणजे आकडा खराब. मला वाटत होतं की आकडा घसरला एवढंच कळलं, का घसरला ते कळलं नाही. दोरी तुटली तर दोरी कच्ची असेल, किंवा ओझं जास्त असेल.

काका रिकामी काडतुसं टाकत नाहीत, हिशोबासाठी बिस्किटाच्या डब्यात ठेवतात. मी ती ओसरीवर ओळीने मांडली. २२ निघाली. प्रत्येकाची कडा भिंगाखाली बघितली आणि बुडाला फ्रिजवरचं लोहचुंबक लावलं. ९ काडतुसांना चुंबक चिकटलं, म्हणजे त्यांची बुडं पोलादाची. उरलेली १३ पितळेची. आकड्याने ओरबाडल्याच्या खुणा पोलादी ९ पैकी ७ वर होत्या, पितळी १३ पैकी फक्त एकावर. दिसायला दोन्ही सारखीच सोनेरी! २२ काडतुसांवरून कायदा सिद्ध होत नाही हे मलाही माहीत आहे, पण कुठे बघायचं ते कळायला एवढं पुरेसं होतं. आणि आकडा तर दोघांना एकच होता.

काकांनी मग आठवून सांगितलं की गेल्या वर्षीपासून मूठ मधूनमधून जड यायची. त्यांनी दर वेळी जोर वाढवला होता. मला आपले ग्लास आठवले.

ताणकाट्यावर बंदूक

आता ओढायला किती जोर लागतो ते मोजायचं होतं. गोळीबार करून बघणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. शेजारच्या मावशी मासळी विकतात, त्यांच्याकडे अडकवायचा ताणकाटा आहे. तो मागून आणला. (धुऊन आणला, तरी दोन दिवस बंदुकीला बांगड्याचा वास येत होता.)

पद्धत अशी. बंदूक रिकामी असल्याची खात्री तीनदा करायची, मॅगझिन, मधली उचलपट्टी आणि चेंबर. चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. जिवंत काडतुसं घराच्या दुसऱ्या खोलीत कुलपात. नळी चिऱ्याच्या गडग्याकडे. मग एक झडलेलं काडतूस चेंबरमध्ये बसवून बोल्ट बंद करायचा. मुठीला सुती दोरीचा फास, फासात काट्याचा आकडा. काका बंदूक घट्ट धरून कुलूप सोडायची कळ दाबणार आणि मी नळीला समांतर हळूहळू ओढणार. मूठ सुटते त्या क्षणीचा आकडा वहीत. प्रत्येक वेळी तीनदा.

चेंबर रिकामं असताना दीड किलो. पितळी काडतुसाला चार किलो. पोलादी काडतुसाला आठ, साडेनऊ आणि नऊ.

मग मी काकांना म्हटलं, "काका, तुमी आधी फक्त आकडो साफ करा. बाकी कशाक हात लावू नको." एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. प्रॅक्टिकलला सर हेच सांगतात आणि आपण घाईत सगळं एकदम बदलतो. काकांनी आकड्याखालची काळी चिकट घाण दाभणाने काढली, स्प्रिंग दाबून बघितली, आकडा चटकन परत येत होता. भिंगाखाली त्याची धारही शाबूत दिसली. पुन्हा मोजलं. पोलादी काडतूस, साडेआठ ते नऊ किलो. म्हणजे जवळजवळ तेवढंच.

आकड्याखाली घाण असेल, धार झिजली किंवा तुटली असेल, स्प्रिंग दमली असेल तर आकडा खरंच दोषी असतो. ते आधी बघणं बरोबरच आहे, सोपं आणि स्वस्त काम आहे. पण आमच्याकडे तो निर्दोष सुटला. नवीन, जास्त कडक आकडा घातला असता तर? त्याने नऊ किलोच्या जागी बारा किलोने ओढलं असतं आणि कडाच फाडली असती, किंवा बूड उपटून नळी आत ठेवली असती. पकड ढिली न करता ओढ वाढवली की काहीतरी तुटतंच.

मग चेंबर. काकांनी नळी उतरवली. मी काडीला कापूस गुंडाळून दिला, तो त्यांनी आत गोल फिरवून काढला. एका बाजूला कापसाचे तंतू अडकून राहिले. ही युक्ती लक्षात ठेवा. डोळ्यांना न दिसणारा खडबडीतपणा कापूस दाखवतो. काकांनी बंदूक साफ करायचं सॉल्व्हंट लावलं, पंधरा मिनिटं थांबून १२ बोअरचा ब्रॉंझचा ब्रश गोल फिरवला. पहिलं फडकं काळं निघालं, ती जळलेली दारू. दुसरं हिरवट तपकिरी. त्यानंतर पातळ कातड्यासारखे पांढरट पापुद्रे निघाले, ते काडतुसांचं वितळून चिकटलेलं प्लास्टिक. हे प्लास्टिक सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही, ब्रशनेच खरवडून निघतं. दहा-बारा फडकी झाल्यावर पांढरं फडकं पांढरं बाहेर आलं.

पुन्हा मोजलं. पोलादी साडेचार किलो, पितळी अडीच. काकांनी तीनदा मोजायला लावलं. मग काही न बोलता चहा ठेवायला सांगितला.

इथे एक कबुली देते. हाताने बसवलेलं झडलेलं काडतूस आणि बाराच्या दाबाने फुगलेलं काडतूस एकच नाही. ताणकाटा खरा जोर सांगत नाही, फक्त आधीपेक्षा बरं की वाईट ते सांगतो. आम्हाला तेवढंच हवं होतं.

हिरवा रंग कुठून आला?

दुसऱ्या फडक्यावरचा हिरवट रंग माझ्या डोक्यातून जाईना. विचारल्यावर कळलं की काका बंदुकीला खोबरेल लावतात. आजोबा लावायचे, म्हणून. आमच्याकडे खोबरेल केसांपासून बिजागरीपर्यंत सगळ्याला चालतं. पण ते खवट झालं की त्यात आम्लं तयार होतात. ती पितळेला लागली की हिरवा थर येतो, आणि पोलादालाही त्रास देतात. शिवाय साधारण २४-२५ अंशांखाली खोबरेल थिजतं, आणि दारूची राख व धूळ त्यात मळून घट्ट लगदा होतो. बंदुकीला खनिज तेलच हवं, तेही थेंबभर.

दुसरी चूक, बंदूक चामड्याच्या म्यानात आडवी ठेवलेली असायची. चामडं हवेतलं पाणी आणि आमच्याकडचं मीठ धरून ठेवतं. कापूस जिथे अडकला होता ती नेमकी आडवी ठेवल्यावर खाली येणारी बाजू होती. तिथे साफ केल्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढे दोन-तीन गंजाचे खड्डे दिसले. बार होताना बुडाचा पत्रा अशा खड्ड्यांत दाबला जातो, कणकेत बोट दाबावं तसा. मग मागे ओढताना नुसतं घर्षण राहत नाही, तो पत्रा खड्ड्याच्या कडेवरून ओरबाडून काढावा लागतो.

तर आमच्या बिघाडाचं उत्तर असं निघालं. खवट तेल, म्यान आणि मीठ यांनी चेंबर खराब केलं, प्लास्टिकने फट भरली, आणि कमी आकसणाऱ्या पोलादी बुडाने ते उघड केलं. बिचाऱ्या आकड्याचं नाव फुकट घेतलं गेलं, कारण जे घसरलं ते डोळ्यांना दिसलं.

जे आम्ही केलं नाही

खड्डे बघून काकांना वाटलं, पॉलिश पेपर मारला की झालं. जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा ओळखीचा आहे, त्याच्याकडे सगळी हत्यारं आहेत. इथे मी हट्ट धरला, दोन कारणांसाठी.

पहिलं कारण मापाचं. ज्या भोकात ०.०३ आणि ०.०६ मिमीचा फरक निर्णायक आहे तिथे हाताने पॉलिश पेपर फिरवून भोक गोल राहत नाही. काढलेलं पोलाद परत लावता येत नाही. चेंबर एका जागी रुंद झालं की काडतूस तिथे जास्त फुगतं आणि आणखी अडकतं.

दुसरं कारण कायद्याचं. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. मालकाने आपली बंदूक साफ करणं वेगळं, आणि घासकाम वेगळं. बोटीचा मिस्त्री कितीही चांगला असला तरी त्याला या भानगडीत आणणं म्हणजे त्यालाही गोत्यात आणणं.

काकांनी परवाना बरोबर घेऊन बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने चेंबर मापून घेतलं आणि मापात राहून गुळगुळीत केलं. आकडा आणि स्प्रिंग तेच ठेवलं. परत आल्यावर ताणकाट्याने पोलादी काडतुसाला अडीच किलो दाखवले. त्या हंगामात उरलेल्या रात्री एकही काडतूस अडकलं नाही, असं काकांनी मला फोनवर सांगितलं.

त्या दुरुस्तीवाल्याने आणखी एक गोष्ट बघायला सांगितली, ती जुन्या बंदुका असलेल्यांनी जरूर वाचावी. काही जुन्या १२ बोअर बंदुकांचं चेंबर ७० ऐवजी ६५ मिमीचं असतं. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार होऊन तोंड उघडल्यानंतरची असते. त्यामुळे न झडलेलं ७० मिमीचं काडतूस ६५ मिमीच्या चेंबरमध्ये खुशाल बसतं! बार झाल्यावर त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं, दाब वाढतो आणि काडतूस अडकतं. इथे अडकणं ही धोक्याची सूचना आहे. नळीवर कोरलेलं माप आणि काडतुसाच्या खोक्यावरचं माप ताडून बघा.

घरी बंदूक असेल तर

आपल्या हॉस्टेलमध्ये कोकणातले, घाटावरचे, विदर्भातले पुष्कळजण आहेत. कोणाच्या घरी परवान्याची बंदूक असेल, कोणाचे वडील बँकेत सुरक्षारक्षक असतील. त्यांच्यासाठी थोडक्यात:

१. काही अडकलं की सगळ्यात आधी नळीचं तोंड कुठे आहे ते बघा. मग माणसं मागे हटवा. मग काडतूस.

२. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर लगेच उघडू नका. कधी कधी बार उशिरा होतो. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. आमचे काका पूर्ण एक मिनिट मोजतात.

३. दस्ता आपटू नका. स्क्रू-ड्रायव्हर, सुरी, पक्कड आत घालू नका.

४. अडकलेली काडतुसं वेगळी ठेवा आणि कडा बघा. चुंबक लावा. एकाच प्रकारची अडकत असतील तर आधी काडतूस बदला.

५. चेंबर साफ करा, फक्त नळी नव्हे. लोक नळीतून बघतात, चकचकीत दिसते आणि समाधान मानतात. चेंबरचा ब्रश वेगळा आणि मोठा असतो.

६. ठेवताना खनिज तेलाचा पातळ हात, वापरायच्या आधी चेंबर कोरडं पुसून. चेंबरमध्ये तेल राहिलं तर काडतूस भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

७. पावसाळ्यात म्यानातून काढून ठेवा. निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करावी लागली तर देण्याआधी साफ करून तेल लावा आणि परत आल्यावर लगेच उघडून बघा.

बंदूक घरी नसलेल्यांना यातलं काय उपयोगी? मला स्वतःला एवढं मिळालं. बिघाड जिथे दिसतो तिथेच झालेला असतो असं नाही. एक दोन रुपयांचं चुंबक आणि मासळीचा काटा घेऊन आपण शिकलेलं तपासता येतं. आणि गणित सुरू करण्याआधी समोर कोण बसलंय ते बघावं, हे मला कुठल्या पुस्तकात नाही तर आजीकडून कळलं.

या दिवाळीला घरी गेले तेव्हा खुंटीवर चामड्याचं म्यान दिसलं नाही. आजीने त्यात आता कोयता ठेवला आहे.